प्रत्येक ठिणगी विझवण्याचा हट्ट

४ जुलै २०२१ रोजी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, मार्कलीव्हिल या छोट्या गावाच्या वरच्या अंगाला वीज पडली आणि आग लागली. जागा मोकेलम्नी अभयारण्यातली, दुर्गम. सहा दिवसांनी, १० जुलैला, ही आग पाव एकराची, म्हणजे जेमतेम दहा गुंठ्यांची होती. भोवती ग्रॅनाइटचे खडक, एक तळं आणि विरळ झाडी. वनखात्याने जाहीर केलं की या आगीपासून धोका नाही, जागा अवघड आहे, म्हणून तिथे माणसं उतरवत नाही, नजर ठेवून आहोत. १६ जुलैला वारा सुटला. संध्याकाळपर्यंत मार्कलीव्हिल रिकामं करावं लागलं. टॅमरॅक नावाचा हा वणवा पुढे राज्याची सीमा ओलांडून नेवाडात घुसला, ६८ हजार एकरांहून अधिक जंगल त्याने जाळलं आणि सुमारे दोन डझन इमारती राख केल्या.

तेव्हापासून या वणव्याचा एकच धडा सांगितला जातो. आग दहा गुंठ्यांची होती तेव्हाच विझवायला हवी होती. चार माणसं आणि एक हेलिकॉप्टर पुरलं असतं. निसर्गाला त्याचं काम करू द्या म्हणणाऱ्या पुस्तकी पंडितांपायी गरिबांची घरं गेली. जगातला सर्वांत श्रीमंत देश, विमानांचे ताफे, उपग्रह, आणि एक जळतं झाड विझवता येत नाही? तेव्हा यापुढे नियम एकच हवा: वीज पडली, धूर दिसला, की त्याच दिवशी विझवा. हे नुसतं चहाच्या टेबलावरचं मत नाही. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी केंद्रीय वनखात्याच्या वाट पाहत बसण्याच्या वृत्तीवर राष्ट्राध्यक्षांसमोर टीका केली. वनखात्याचे प्रमुख रँडी मूर यांनी २ ऑगस्टला पत्र काढून, जंगलाच्या भल्यासाठी आग जळू देण्याचा मार्ग त्या हंगामापुरता बंद केला. खासदार टॉम मॅक्लिन्टॉक यांनी पुढच्या वर्षी विधेयकच आणलं, वनखात्याच्या जमिनीवरची आग २४ तासांत विझवण्याचं बंधन घालणारं.

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि घातकही. ज्यांच्या घरांच्या नावाने ते मांडलं जातं, त्यांच्याच घरांना त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून त्याचा मुद्द्यागणिक प्रतिवाद करणं गरजेचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही मागणी नवी नाही. ती पुरी होऊन चुकली आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मॉन्टाना भागात वाऱ्याने भडकलेल्या वणव्यांनी दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जाळलं आणि ८०हून अधिक माणसं मारली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली. अमेरिकी वनखातं तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं. त्या आघातातून ते कधी सावरलं नाही. १९३५ मध्ये खात्याचे प्रमुख फर्डिनांड सिलकॉक्स यांनी आदेश काढला: कुठेही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. रस्ते खोदले गेले, टेहळणीचे मनोरे उभे राहिले, पॅराशूटने जंगलात उतरणारे जवान तयार झाले. हे धोरण १९७८ पर्यंत चाललं. चाळीसहून अधिक वर्षं एका श्रीमंत देशाने आपली सगळी ताकद लावून हाच प्रयोग केला. मग आज जे जळतं आहे, ते कशामुळे?

सिएरातल्या पाइनच्या जंगलात आग हा पाहुणा नव्हता. जुन्या खोडांच्या आडव्या छेदात जळाल्याचे व्रण वर्तुळागणिक दिसतात. कित्येक ठिकाणी पाच-दहा, फार तर वीस वर्षांनी एकदा आग तिथून गेलेली असे. ती जमिनीलगत सरकायची, वाळक्या सुया, काटक्या आणि कोवळी रोपं खायची, आणि जाड सालीची मोठी झाडं तशीच उभी ठेवायची. काही आगी विजेच्या होत्या, काही वाशोंसारख्या तिथल्या मूळ रहिवाशांनी मुद्दाम, ऋतू बघून लावलेल्या. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे १८०० पूर्वी कॅलिफोर्नियात दर वर्षी सुमारे ४५ लाख एकर भूमी अशी जळत असे. २०२० या वर्षाला आपण प्रलयाचं वर्ष म्हणतो. त्या वर्षी जळलेलं क्षेत्र साधारण तेवढंच होतं. फरक एकरांचा नाही, ज्वाळेच्या उंचीचा आहे. पूर्वी आग गुडघ्याएवढी असायची. शंभर वर्षं ती थांबवल्यावर खालचा पाचोळा साचला, मधली रोपं वाढली, आणि जमिनीवरच्या ज्वाळेला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली.

आता दहा गुंठ्यांच्या त्या हिशोबाकडे वळू. चार माणसं पुरली असती, हे १६ जुलैनंतर सांगणं सोपं आहे. १० जुलैला तशी किती ठिकाणं होती? आदल्या वर्षाचंच उदाहरण घ्या. १६ ऑगस्ट २०२०च्या सुमारास उत्तर आणि मध्य कॅलिफोर्नियावर काही दिवसांत बारा हजारांच्या आसपास विजा कोसळल्या आणि सहाशेहून अधिक आगी पेटल्या. त्यातल्या ३८ एकत्र होऊन ऑगस्ट कॉम्प्लेक्स झाला, राज्याच्या नोंदीतला दहा लाख एकर ओलांडणारा पहिला वणवा. प्रत्येक ठिकाणी चार माणसं पाठवा म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्या आठवड्यात कोणत्या गावाच्या वेशीवरून माणसं काढून कोणत्या निर्मनुष्य कड्यावर पाठवायची होती?

आणि हे लोक समजतात तसं वनखातं आगी सोडून देत बसत नाही. अमेरिकेत आजही शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव आगी लहान असतानाच विझवल्या जातात. त्या कोणत्या? ज्या दिवशी हवा थंड असते, वारा पडलेला असतो, गवतात ओल असते, त्या दिवशीच्या. म्हणजे सौम्य आगी. उरलेल्या दोन-तीन कोणत्या? ज्या उष्ण, कोरड्या, वादळी दिवशी लागतात आणि कोणाच्या बापाला विझत नाहीत त्या. आपण दर वर्षी जंगलाला निरुपद्रवी आगीपासून वाचवतो आणि भयंकर आगीसाठी राखून ठेवतो. मॉन्टाना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच मांडलं: सगळ्या आगी दडपण्याच्या धोरणामुळे उरलेले वणवे सरासरीने अधिक तीव्र होतात. २४ तासांचा कायदा केलात तर ही सत्त्याण्णवची अठ्ठ्याण्णव होईल. उरलेल्या दोन मार्कलीव्हिलवर येतील, आणि अधिक लाकूड खाऊन येतील.

विझवणाऱ्यांचं तर ते कामच आहे, पगार कशाचा घेतात, हेही ऐकवलं जातं. हे ऐकताना मला राग आवरत नाही. १९४९च्या ऑगस्टमध्ये मॉन्टानातल्या मान गल्च या घळीत विजेने लागलेली आग विझवायला जवान विमानातून उतरले. १३ जण मेले. जुलै १९९४ मध्ये कोलोरॅडोत ग्लेनवूड स्प्रिंग्ज गावाजवळ विजेने लागलेल्या आगीत १४ मेले. २८ जून २०१३ला अॅरिझोनात यार्नेल गावामागच्या डोंगरावर वीज पडली. पहिल्या संध्याकाळी ती आग एकरभरही नव्हती. दुसऱ्या दिवशी ती लहान असतानाच माणसं आणि विमानं तिच्यावर गेली, तरी ती निसटली. तिसऱ्या दिवशी, ३० जूनला, वारा फिरला आणि ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या वीस जणांच्या तुकडीतले १९ जण एका खोलगटात जळून मेले. यार्नेलची शंभराहून अधिक घरंही गेलीच. लवकर पोहोचणं म्हणजे विझणं, हा यांच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया आहे, आणि तो यार्नेलच्या त्या खडकाळ उतारावरच ढासळला आहे.

या माणसांची किंमत काय होती, तेही ध्यानात घ्या. टॅमरॅकच्या काही दिवस आधी, जून २०२१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना जाहीर करावं लागलं की केंद्राच्या वणवा-जवानांना ताशी किमान १५ डॉलर मिळतील. तोवर कित्येकांना त्याहून कमी मिळत होते. इतक्या पैशात कोणत्या दरीत कोणाला उतरवायचं, हे ठरवताना माणसांच्या जिवाचा विचार करणारा अधिकारी भित्रा कसा ठरतो? खडकांनी वेढलेल्या दहा गुंठ्यांसाठी तिथे एक जवान कड्यावरून पडून मेला असता, तर हेच टीकाकार त्याच्या घरी जाऊन काय सांगणार होते?

सर्वांत प्रभावी वाटणारा आक्षेप घरांचा आहे. लोकांचे संसार राख होत असताना तुम्ही झाडांच्या सालीच्या गोष्टी सांगता, असा. हा आक्षेप करणाऱ्यांना घर कसं पेटतं हे माहीत नसतं. वनखात्याच्या मिझूला इथल्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी आयुष्यभर याच एका प्रश्नाचा अभ्यास केला. नव्वदच्या दशकात त्यांनी उत्तर कॅनडात शेंड्यांपर्यंत पेटलेल्या खऱ्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. दहा मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या. वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. जंगल धडाडून पेटलेलं, आणि तीस मीटरवरची लाकडी भिंत शाबूत. मग गावं कशी जळतात? वाऱ्यावरून येणाऱ्या निखाऱ्यांनी. आग एखादा मैल दूर असतानाच निखारे येतात, पन्हळीत साचलेल्या पाइनच्या सुयांवर पडतात, लाकडी पडवीखाली रचलेल्या सरपणात शिरतात, माळ्याच्या झरोक्याची जाळी मोठी असेल तर तिथून आत जातात. घर आतून पेटतं, आणि मग ते घरच शेजारच्या घराला पेटवतं. २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. ती आग विजेची नव्हती, वीजवाहिनीची होती. पण त्यानंतरची छायाचित्रं पाहा: घराच्या जागी राखेचा चौकोन, आणि त्याच्याच शेजारी हिरवी उभी झाडं.

याचा अर्थ सरळ आहे. घर वाचवण्याची जागा दहा मैलांवरचा कडा नाही, घराभोवतीचे शंभर फूट आहेत. त्यातही भिंतीलगतचे पाच फूट सर्वांत मोलाचे: तिथे सुका पाला नको, झुडूप नको, लाकडाचा ढीग नको. कॅलिफोर्नियाचा कायदा हे शंभर फूट मोकळे ठेवायला सांगतो, आणि २००८ पासून वणव्याच्या धोक्याच्या भागातल्या नव्या बांधकामाला निखारे रोखणारं छप्पर आणि झरोके लागतात. पण त्याआधीची हजारो घरं आहेत. डोंगरातल्या खेड्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, ज्यांच्याच्याने शिडीवर चढून पन्हळ साफ होत नाही, की नवं छप्पर परवडत नाही. त्यांच्या दारी जाऊन हे काम सरकारी खर्चाने करून देणारी माणसं किती आहेत? २०२१ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने वणवे विझवण्यावर चार अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. ज्यांना ग्रामीण घरांची इतकी कळकळ आहे, त्यांनी त्यातला वाटा या घरांच्या छपरांसाठी मागितला का?

आपल्याकडच्या मराठी वाचकाला हे सगळं उलटं वाटणार, आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीतला वणवा विजेने क्वचितच लागतो. तो माणूस लावतो: गवत चांगलं फुटावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, शिकारीसाठी, किंवा विडीच्या थोटकाने. त्यात दर उन्हाळ्यात कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागा जातात, पठारांवरच्या पक्ष्यांची घरटी जातात. वळिवाची वीज इथे बहुधा सोबत पाऊस घेऊन येते. सिएरातली जुलैची वीज कोरड्या ढगातून पडते. त्यामुळे इथल्या निसर्गप्रेमीचा वणव्याविरुद्धचा संताप योग्यच आहे, मात्र तोच संताप बे एरियातल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना सिएरावर लादणं योग्य नाही. त्या नातेवाइकांनी ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोवरचं आकाश भर दिवसा नारिंगी झालेलं पाहिलं, टाहो सरोवराच्या सुट्ट्या धुरामुळे रद्द केल्या. त्यांचा वैतागही मला समजतो. पण इथलं वनखातंसुद्धा हिवाळ्याच्या शेवटी स्वतः गवत जाळून जाळरेषा काढतंच ना? मोठी आग अडवायला आधी छोटी आग लावावी लागते, हे मेळघाटातल्या वनमजुराला माहीत असतं. कॅलिफोर्नियाच्या खासदाराला ते कळू नये?

हवामान बदललं आहे, दुष्काळ वाढला आहे, पूर्वी चालत होतं ते आता चालणार नाही, हा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. २०२१चा जुलै भयानक कोरडा होता. तशा महिन्यात आग अंगावर येईपर्यंत केवळ नजर ठेवणं हा निर्णय चुकीचा होता, असंच मी म्हणेन. रस्त्याकडेच्या जाळरेषा, गावाभोवतीची तयारी, माणसांना आगाऊ सूचना, हे सगळं वारा सुटण्याआधीच हवं होतं. न्यू मेक्सिकोत २०२२ मध्ये वनखात्यानेच लावलेल्या दोन आगी निसटल्या, त्यातली एक तर जानेवारीत पेटवलेल्या फांद्यांच्या ढिगात बर्फाखाली धुमसत राहिली होती, आणि त्यांतून त्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा झाला. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणाऱ्या स्पॅनिशभाषक शेतकऱ्यांची शेकडो घरं गेली. त्या लोकांना पै न पै भरपाई मिळायलाच हवी. पण ढिलाईने केलेलं काम फसलं, म्हणून ते कामच चुकीचं, हा कुठला न्याय? आणि हवामान इतकं बिघडलं असेल, तर जुलै-ऑगस्टच्या वादळी दुपारी पेटायला इतकं सरपण जंगलात साठू देणं हा वेडेपणा नव्हे काय? उष्णता वाढते आहे, हे सरपण ऑक्टोबरात आणि जूनच्या सुरुवातीला, ओल असताना, आपल्या हाताने किंवा सौम्य विजेच्या हाताने जाळून घेण्याचं कारण आहे.

हे जमतं, याचे पुरावे डोळ्यांसमोर आहेत. योसेमिटीतल्या इलिलुएट खोऱ्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून विजेच्या बहुतेक आगी जळू दिल्या. झाडांखालचं क्षेत्र सुमारे पावाने घटलं, कुरणं आणि ओल्या जागा वाढल्या, ओढ्यांचं पाणी घटलं नाही, २०१२ नंतरच्या दुष्काळात झाडंही कमी मेली. आणि तिथला सर्वांत महत्त्वाचा शोध असा: नऊएक वर्षांच्या आत जळलेल्या पट्ट्यात नवी आग सहसा शिरत नाही. एक आग दुसरीला अडवते. तिथे घरं नाहीत, म्हणाल. मग घरांचंच बघा. २०२१च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काल्डोर वणवा टाहोच्या दक्षिणेला मायर्स आणि ख्रिसमस व्हॅलीच्या वस्तीवर उतरला. तिथे आधीच्या वर्षांत जंगल विरळ केलेलं होतं, पाला जाळून घेतलेला होता. शेंड्यांवरून येणारी आग त्या पट्ट्यात शिरल्यावर जमिनीवर आली, जवानांना तिच्यासमोर उभं राहता आलं, आणि ती घरं वाचली. ग्रिझली फ्लॅट्स या गावाभोवती असं काम आखलेलं होतं, पण बहुतांश झालेलं नव्हतं. त्याच गावाचा मोठा भाग त्याच वणव्यात गेला.

त्याच सप्टेंबरात विजेने लागलेला केएनपी कॉम्प्लेक्स सेकोया राष्ट्रीय उद्यानातल्या जायंट फॉरेस्टपर्यंत पोहोचला, जिथे जनरल शर्मन हा जगातला सर्वांत प्रचंड वृक्ष उभा आहे. बुंध्याला चकचकीत आवरण गुंडाळल्याचं छायाचित्र जगभर गेलं. ते आवरण कामाचं होतंच, पण त्या राईत कित्येक दशकं नेमाने आग लावली जात होती, हेही तितकंच महत्त्वाचं. तिथे ज्वाळा खाली उतरल्या. जिथे असं काम झालेलं नव्हतं, त्या राईंमध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हजारो महाकाय सेकोया मेले. आगीच्या उष्णतेने ज्यांचे शंकू उमलतात आणि बी खाली पडतं, ज्यांची साल दोन-दोन फूट जाड असते, असे हजार-दोन हजार वर्षांचे वृक्ष. ते पूर्वीच्या कित्येक आगींतून जगले, आपण विझवलेल्या आगींच्या साठ्याने मारले.

म्हणून मार्कलीव्हिलसारख्या गावाच्या सभेत वनाधिकाऱ्याला जाब जरूर विचारा, पण खरा जाब विचारा. वीज पडली त्या दिवशी पाचोळ्यात ओल किती होती, बर्फ पडायला किती दिवस उरले होते, आग कोणत्या रस्त्यावर, कोणत्या नदीवर अडवायची ठरलं होतं? माझ्या घरावर पाणी मारायचा पंप कुठे होता? गेल्या ऑक्टोबरात गावाच्या वरच्या उतारावर किती एकर जाळून घेतलं, आणि नसेल तर का नाही? कोणी धुराची तक्रार केली म्हणून? की सप्टेंबरात हंगामी जवानांना घरी पाठवलं म्हणून? त्या जवानांना बारा महिने कामावर ठेवा, उन्हाळ्यात विझवायला आणि शरदात जाळायला. वाशोंच्या वाडवडिलांना ज्या कामासाठी गुन्हेगार ठरवलं, त्या कामाला त्यांच्या नातवंडांना सन्मानाने बोलवा. आणि ऑक्टोबरातला आठवडाभराचा धूर सहन करा. हे करायची तयारी नसलेल्या माणसाला २४ तासांचा कायदा मागण्याचा अधिकार नाही. त्या कायद्याने विझवलेली प्रत्येक सौम्य आग मार्कलीव्हिलच्या डोंगरावर सरपण होऊन उभी राहील, आणि ती विझवायला पुन्हा वीस-बावीस वर्षांची पोरंच पाठवली जातील.